संगणक जाळ्यांतील प्रोटोकॉल : मुंबई ते बारामती-इंदापूर

दोन संगणकांनी माहितीची देवाणघेवाण करताना पाळावयाचे पूर्वसंमत नियम म्हणजे प्रोटोकॉल. पाठ्यपुस्तकांत त्यांची थरांनुसार मांडणी आढळते. त्यांचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो. वस्तुतः कोणता नियम कोठे रुजला, हे तेथील दूरध्वनी तारेच्या अवस्थेवर बरेचसे अवलंबून राहिले.

भारतातील या इतिहासाचा आरंभ मुंबईत झाला. अर्नेट प्रकल्पांतर्गत १९८६-८७ मध्ये जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आयआयटी यांच्यात डायल-अप दूरध्वनीवरून ई-मेल सुरू झाला. त्यासाठी यूयूसीपी हा प्रोटोकॉल वापरला गेला. संदेश साठवून ठेवावयाचा व जोडणी मिळताच पुढे धाडावयाचा, ही त्याची रीत. अखंड चालू तारेची त्यास गरज नव्हती. पुढे भाडेतत्त्वावरील तारा आल्या आणि त्यांवर टीसीपी/आयपी व ओएसआय हे दोन्ही संच एकत्र चालू लागले. ओएसआयला आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा आधार होता, तर टीसीपी/आयपी अमेरिकेतील अर्पानेटवर १ जानेवारी १९८३ पासून प्रत्यक्ष वापरात होता. १९९५ नंतर अर्नेटवरील जवळजवळ सर्व वाहतूक टीसीपी/आयपीवरूनच होऊ लागली. कागदावरील मानकापेक्षा चालते यंत्र वरचढ ठरले, असेच म्हणावे लागेल.

ग्रामीण भागात या नियमांची खरी कसोटी लागली. २००३ मध्ये आयआयटी मुंबईने 'आक्वा' ही शेतकऱ्यांसाठीची प्रश्नोत्तर सेवा सुरू केली. तीत बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञ उत्तरे देत असत. इंदापूरच्या एखाद्या डाळिंब उत्पादकाचा तेल्या रोगाविषयीचा प्रश्न उदाहरणादाखल घेता येईल. प्रथम डीएनएस सेवेच्या नावावरून तिचा अंकी पत्ता शोधते. आयपी त्या पत्त्याकडे माहितीची पाकिटे नेते. टीसीपी पाकिटांना क्रमांक देते, पोच घेते व हरवलेले पाकीट पुन्हा पाठवते. या तिन्हींच्या आधारे एचटीटीपी पान मागवते आणि प्रश्न सादर करते. मात्र या व्यवहारात दोन्ही टोके एकाच वेळी जोडलेली असावी लागतात. शिवाय पाकीट हरवले की मार्गावर गर्दी झाली, असे मानून टीसीपी वेग कमी करते. सदोष बिनतारी दुव्यावर हे अनुमान चुकते व आधीच मंद असलेली जोडणी अधिकच रेंगाळते.

याच संदर्भात वारणा खोऱ्याचा अनुभव बोलका आहे. १९९८ मध्ये तेथे कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतील ७० गावांना संगणकाने जोडण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. ऊस उत्पादकांचे व्यवहार त्यावर नोंदले जात. पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्चने ७ गावांत संगणकाऐवजी मोबाइल फोन व एसएमएस यांचा प्रयोग केला. एसएमएस संदेश केंद्रात साठतो आणि फोन टप्प्यात येताच पोहोचतो. म्हणजे दोन दशकांपूर्वी जुहू-पवई दरम्यान चाललेलीच ही रीत, आता उसाच्या नोंदीसाठी.