गिरदावराची नजर

कायद्याच्या पुस्तकात खेड्यापाड्यांची नावे सहसा आढळत नाहीत. 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्यात मात्र एका लहानशा गावाचे नाव आले आहे. तत्कालीन हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातील जो प्रदेश मुंबई राज्यास जोडावयाचा होता, त्यात किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातील ‘इस्लापूर सर्कल’ असा उल्लेख आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी पैनगंगेकाठचे, सहस्रकुंडाच्या धबधब्याजवळचे हे इस्लापूर मराठी मुलखात आले आणि नांदेड जिल्ह्यात समाविष्ट झाले. उरलेला बोथ तालुका आंध्र प्रदेशात गेला. आज तो तेलंगणात आहे.

या उल्लेखातील ‘सर्कल’ हा शब्द आमच्या मनात घोळत राहिला. सर्कल म्हणजे गिरदावराचा हलका. ‘गिर्द’ या फारसी शब्दाचा अर्थ भोवताल. गावोगाव फिरून पिके पाहणारा, पटवाऱ्याने केलेल्या नोंदी शेतात उभे राहून पडताळणारा अधिकारी तो गिरदावर. म्हणजे दोन राज्यांची सीमा आखताना इथे जे माप वापरले गेले, ते एका पारख करणाऱ्या माणसाच्या फेरीचे होते. जमिनीची प्रत आणि पिकाचा अंदाज ठरविणाऱ्या या माणसांचा इतिहास आपल्याकडे फारसा लिहिला जात नाही. वस्तुतः लक्षावधी कुटुंबांचे सुखदुःख त्यांच्या एका आकड्यावर अवलंबून राहत आले आहे.

मराठवाड्यात ही परंपरा जुनी आहे. खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसविणाऱ्या मलिक अंबरने (मृत्यू 1626) जमिनीचा कस आणि प्रत्यक्ष उत्पन्न पाहून सारा ठरविण्याची पद्धत घातली. तिची आठवण लोकांत दीर्घकाळ टिकली. पुढे निजामाच्या राज्यात वसुलीचे मक्ते देण्याची प्रथा बळावली. मक्तेदाराला जमिनीच्या कसाशी कर्तव्य नसे. सरकारात भरलेली रक्कम नफ्यासह परत मिळविणे एवढाच त्याचा हेतू. शुभवर्तमानातील जकातदार आपल्याला ठाऊक आहेत. यरीहोचा जक्कय अशाच व्यवस्थेतला मुख्य जकातदार होता. 1853 मध्ये हैदराबादचे दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगांनी मक्त्यांची ही प्रथा मोडीत काढण्यास प्रारंभ केला, 1865 च्या जिल्हाबंदीने पगारी अधिकारी नेमले आणि पुढील दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी व प्रतबंदी सुरू केली.

ही मुंबई पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण ती एका चुकीतून जन्मली. पुणे प्रांतात प्रिंगल या अधिकाऱ्याने 1828 च्या सुमारास पिकाचा खर्च वजा जाता निव्वळ उत्पन्न किती, याचा बारीक हिशेब मांडून सारा ठरविला. कागदावर तो निर्दोष होता; प्रत्यक्षात आकारणी जड झाली आणि शेतकरी जमिनी टाकून गेले. तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी 1835-36 मध्ये इंदापुरात नव्याने सुरुवात केली. उत्पन्नाचा तर्क बाजूला ठेवून त्यांनी मातीकडे पाहिले. 1847 च्या त्यांच्या संयुक्त अहवालाने या पद्धतीचे नियम ठरले.

प्रतबंदी करणारा कारकून शेताचे भाग पाडी आणि प्रत्येक भागात पहारीने खणून मातीची खोली पाही. उत्तम काळी माती पावणेदोन हात खोल निघाली, तर ती सोळा आण्यांची. दीड हात निघाली तर चौदा आणे, एक हात तर दहा, अर्धा हात तर सहा. मग दोष धरले जात. चुनखडी, वाळू, उतार, पाणी साचणे, अशा प्रत्येक दोषासाठी जमीन एक पायरी खाली उतरे. सगळ्या भागांची सरासरी ती शेताची प्रत. कारकुनाचे काम वरचा अधिकारी काही शेतांत पुन्हा खणून तपासत असे. पारखणाऱ्याचीही पारख व्हावी, हे तत्त्व त्यात होते. तरीही ही पद्धत निर्दोष नव्हती. तीस वर्षांची मुदत संपल्यावर 1867 मध्ये इंदापुरातच फेरआकारणीने सारा दीडपटीहून अधिक वाढला. माती तीच होती. भावांच्या तेजीवर विसंबून दर ठरविणाऱ्यांची नजर बदलली होती. पुढे भाव उतरले आणि शेतकरी अधिकच अडचणीत आला.

जमिनीची प्रत एकदा ठरली की वर्षानुवर्षे टिकते; पीक मात्र दरसाल बदलते. त्यासाठी आणेवारी आली. पूर्ण पीक सोळा आणे धरून यंदाचे किती, हे ठरवावयाचे. 1957 मध्ये दशमान नाणी आली आणि आणेवारीची पैसेवारी झाली. मराठवाड्यात खरिपाची नजर पैसेवारी सप्टेंबरअखेर, सुधारित ऑक्टोबरअखेर आणि अंतिम डिसेंबरअखेर जाहीर होते. पन्नास पैशांच्या आत आकडा आला, तर सारा सूट, कर्जवसुलीला स्थगिती, मुलांची परीक्षा फी माफ. एक्कावन्न आला, तर काहीच नाही. त्या एका पैशासाठी गावेच्या गावे श्वास रोखून बसलेली मराठवाड्याने पाहिली आहेत.

इस्लापूरसारख्या भागात ही अडचण अधिक तीव्र होते. नदीकाठी काळी कसदार माती, तर डोंगराच्या उतारावर मुरमाड माळ. नदीकाठच्या कापसाने गावाची सरासरी वर उचलली, की माळावरच्याची बुडालेली ज्वारी त्या सरासरीत दिसेनाशी होते. आकडा खोटा नसतो. पण तो सर्वांचा नसतो.

नजरेतील हा दोष दूर करण्याचा मोठा प्रयत्न दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांनी केला, ही अभिमानाची गोष्ट आहे. 1940 च्या दशकात पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांनी पीक कापणी प्रयोगाची शास्त्रीय पद्धत देशात रुजविली. शेत चिठ्ठी टाकल्यासारखे निवडावयाचे, त्यात ठरलेल्या मापाचा तुकडा आखावयाचा, तेवढेच पीक कापून, झोडून, तोलावयाचे. चांगले किंवा वाईट शेत निवडण्याचा मोह पारखणाऱ्याला राहूच नये, हे या पद्धतीचे मर्म. सुखात्मे 1951 पासून रोम येथे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. आमच्या खेड्यांतील खळ्यावर ज्या प्रश्नाशी पटवारी झुंजत होता, तोच प्रश्न त्यांनी जगापुढे मांडला.

काळ पुढे सरकला. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ संहितेने पाऊस, जमिनीतील ओलावा आणि उपग्रहातून दिसणारी हिरवळ हे निकष पुढे आणले. पैसेवारीचे पूर्वीचे वजन उरले नाही. 2021 पासून शेतकरी स्वतःच्या मोबाईलवरून पीकपेरा नोंदवू लागला. तरीही मंडळाचे महत्त्व सरलेले नाही. चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी, आणि तो पाऊस मोजावयाचा महसूल मंडळात. यंत्र एका ठिकाणी उभे असते; ढग मात्र शिवार पाहून बरसत नाही. यंत्रापासून दूर असलेल्या शेतात तळे साचले, तर ते पाहावयास अखेर माणसालाच चिखल तुडवीत जावे लागते.

म्हणून या इतिहासातून आम्हांस एकच गोष्ट सांगावीशी वाटते. मोजमापाची साधने बदलली, तरी न्याय तेव्हाच झाला जेव्हा पारखणारा बांधापर्यंत गेला आणि आपलीही पारख होऊ द्यावयास तयार राहिला. प्रिंगलचा कागद हरला, विंगेटची पहार टिकली, याचे कारण हेच आहे. बाप्तिस्मा घेण्यास आलेल्या जकातदारांना योहानाने नोकरी सोडावयास सांगितले नाही. ठरल्याहून अधिक घेऊ नका, एवढेच सांगितले. जक्कयही आपली चूक चौपटीने भरून देण्यास सिद्ध झाला.

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांत शिक्षक आहेत, परीक्षक आहेत, बँकेत तारण पाहणारे आहेत, विम्याची नुकसानी ठरविणारे आहेत. त्यांच्या लेखणीखालीही कुणाचे पन्नास आणि एक्कावन्न असतात. जकात नाक्यावरून उठून प्रभूमागे गेलेल्या संत मत्तयाचा सण 21 सप्टेंबरला येतो. त्यानंतर नऊच दिवसांनी नजर पैसेवारी जाहीर होते. त्या सणाच्या मिस्सेत या सर्वांसाठी, आणि ज्यांचे वर्ष त्यांच्या आकड्यावर तोलले जाते त्या शेतकऱ्यांसाठी, आपण प्रार्थना करावी.