6 रणजी ट्रॉफी जिंकून देणाऱ्या चंद्रकांत पंडितांचं केकेआरमध्ये बिनसलं कुठे?

26 मे 2024. चेन्नईत हैदराबादला 8 विकेट्सनी हरवून कोलकाता नाईट रायडर्सने आयपीएल जिंकली. 25 मे 2025. दिल्लीत त्याच हैदराबादने केकेआरला 110 धावांनी धुतलं आणि गतविजेते थेट आठव्या नंबरवर गेले. दोन्ही वेळी मुख्य प्रशिक्षक एकच होते, चंद्रकांत पंडित.

29 जुलै 2025 ला केकेआरने जाहीर केलं की पंडित नव्या संधी शोधणार आहेत आणि यापुढे ते कोच नसतील. भंडारा, नागपूर, गोंदियातल्या क्रिकेटप्रेमींसाठी मात्र हे नाव आयपीएलपेक्षा खूप आधीपासून ओळखीचं आहे.

विदर्भात पंडितांना एवढा मान का?

पंडित मूळचे मुंबईचे. विकेटकीपर म्हणून भारताकडून 5 टेस्ट आणि 36 वनडे खेळले. कोच म्हणून त्यांनी मुंबईला 3 रणजी ट्रॉफी जिंकून दिल्या. पण 2016-17 ची फायनल मुंबई गुजरातकडून हरली आणि पंडितांना जावं लागलं.

त्यांना विदर्भाने बोलावलं. तोवर विदर्भ कधी रणजीच्या फायनललाही पोहोचला नव्हता. पंडित आले आणि फैज फझलच्या कॅप्टन्सीत विदर्भाने 2017-18 ची ट्रॉफी जिंकली, पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली. नंतर 2022 मध्ये त्यांनी मध्य प्रदेशलाही पहिली रणजी मिळवून दिली. फायनलमध्ये समोर होती मुंबईच.

मग केकेआरमध्ये काय झालं?

ऑगस्ट 2022 मध्ये ब्रेंडन मॅक्युलमच्या जागी पंडित आले. 2023 ला टीम सातवी आली. कडक शिस्त ही त्यांची ओळख, पण तीच काही विदेशी खेळाडूंना खटकत होती, असं डेव्हिड विसाने नंतर मुलाखतीत सांगितलं. रणजीत तरुण पोरं महिनोन् महिने कोचच्या हाताखाली असतात. आयपीएलमध्ये जगभर खेळून आलेले खेळाडू जेमतेम दोन महिन्यांसाठी येतात. तिथे तीच छडी चालत नाही.

2024 ला कप आला, पण श्रेय मेंटॉर गौतम गंभीरला जास्त मिळालं. मग गंभीर भारताचा कोच झाला. कॅप्टन श्रेयस अय्यर, फिल सॉल्ट आणि मिचेल स्टार्कही टीममधून गेले.

चाहते का भडकले?

केकेआरने व्यंकटेश अय्यरला 23.75 कोटींना घेतलं, पण त्या मानाने धावा आल्या नाहीत. तिकडे श्रेयसने पंजाबला फायनलपर्यंत नेलं. त्याच पंजाबविरुद्ध 15 एप्रिलला 112 चा पाठलाग करताना केकेआर 95 वर ऑलआऊट झाली. 14 सामन्यांत फक्त 5 विजय मिळाले.

पण लिलावाचे निर्णय एकटा कोच घेत नाही. मालक, सीईओ, अॅनालिस्ट असे सगळे त्या टेबलावर असतात. हरल्यावर मात्र पहिला नंबर कोचचा लागतो. कारण साधं आहे. करारबद्ध 20-25 खेळाडू बदलण्यापेक्षा एक माणूस बदलणं सोपं पडतं.

कोचला काढणं खरंच सोपं असतं का?

ते करारावर अवलंबून असतं. अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर 2023 मध्ये कॉलेज फुटबॉलचे कोच जिम्बो फिशर यांना काढलं, तेव्हा करारानुसार सुमारे 7.6 कोटी डॉलर देणं लागत होतं. आपल्याकडे इगोर स्टिमॅक यांचा करार 2026 पर्यंत होता. भारतीय फुटबॉल महासंघाने जून 2024 मध्ये त्यांना काढलं आणि 4 लाख डॉलरवर तडजोड केली. म्हणजे 'कोच हटाव' म्हणायला पैसे लागत नाहीत, हटवायला लागतात.

पुढे काय?

केकेआरने मुंबईकर अभिषेक नायरला मुख्य कोच केलं. विदर्भाने मार्च 2025 मध्ये उस्मान घनी यांच्या मार्गदर्शनाखाली तिसरी रणजी जिंकली. पंडित गेल्यानंतरही टीम जिंकली, यात त्यांचा अपमान नाही. ते आले तेव्हा विदर्भाकडे एकही ट्रॉफी नव्हती. आता तिथली पोरं फायनलला घाबरत नाहीत. आयपीएलच्या पॉइंट टेबलमध्ये ही गोष्ट मोजली जात नाही.