बाबांची निळी फाईल

गेल्या रविवारी पोहे संपवून मी लॅपटॉप उघडत होतो, तेवढ्यात बाबांनी एक निळी प्लास्टिकची फाईल टेबलावर ठेवली. वर स्केचपेनने लिहिलेलं: 'माझ्या पश्चात'.

"बाबा, रविवारी सकाळी हे काय?"

"मग कधी देऊ? सोमवारी तुझं हापिस असतं."

आत दोन पानं. विद्युतदाहिनी. नेत्रदान, सहा तासांच्या आत फोन करायचा, नंबर अमुक. दहावा-तेरावा नाही. त्या पैशातून काय करायचं तेही लिहिलेलं. हापिसात क्लायंटकडून इतकं स्वच्छ रिक्वायरमेंट डॉक्युमेंट मला आजवर मिळालेलं नाही! मी आपलं "बरं, ठेवतो कपाटात" म्हणालो. त्यावर बाबा म्हणाले, "कपाटात ठेवू नकोस. अण्णांचंही कपाटातच होतं."

अण्णा म्हणजे माझे आजोबा. १९९८ साली गेले. घाटावर लाकडं, गुरुजी, सगळं रीतसर झालं. तेराव्याचं आवरताना कपाटात त्यांची डायरी सापडली. त्यात एका पानावर त्यांनी लिहून ठेवलं होतं, की मला विद्युतदाहिनीत न्या आणि कसलेही विधी करू नका. तोवर अस्थीसुद्धा नाशिकला जाऊन आल्या होत्या. काका म्हणाले, "आता काय उपयोग?" आणि डायरी मिटली. बाबा त्या डायरीबद्दल कधी बोलत नाहीत, पण ती त्यांनी अजून ठेवली आहे.

तर मंडळी, मी विकांताला जे करतो तेच केलं. वाचत बसलो. माणूस स्वतःच्या दहनाबद्दल लिहून ठेवतो आणि पुढे काय होतं, याचा इतिहास शोधायला गेलो, तर पहिलंच गाव निघालं कोल्हापूर. आणि दुसरं फ्लॉरेन्स!

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) १८७० मध्ये इंग्लंडला गेले. वय वर्षं वीस. राणी व्हिक्टोरियाला भेटले, पाहिलेल्या गोष्टींची रोजनिशी लिहिली. ती पुढे १८७२ मध्ये छापूनही आली. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं, आणि तिथे कुणी प्रेत जाळत नसे. बरोबरच्या मंडळींनी दहनच हवं असा आग्रह धरला, ब्रिटिश वकिलातीने मध्यस्थी केली आणि खास परवानगी मिळाली. जागा निवडली ती कॅशिने बागेच्या टोकाला, जिथे मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते. संगम! घरापासून हजारो मैलांवर रात्री चिता रचताना त्या लोकांनी आधी संगम शोधला, हे वाचून मी जरा वेळ थांबलो. १८७४ मध्ये तिथे छत्री उभी राहिली, महाराजांचा अर्धपुतळा बसवला गेला. गावकरी त्या जागेला 'इंडियानो' म्हणू लागले, आणि शंभर वर्षांनी जवळच पूल बांधला तर त्याचंही नाव तेच पडलं.

वीस वर्षांच्या मुलाने काही लिहून ठेवलेलं नसणारच. लिहायची गरजही नव्हती. बरोबर असलेल्यांना काय करायचं ते ठाऊक होतं आणि त्यासाठी परक्या सरकारशी भांडायची त्यांची तयारी होती. पुढची सगळी गोष्ट ह्या दुसऱ्या गोष्टीभोवती फिरते.

त्याच सुमारास पादुआचे शरीरशास्त्राचे प्राध्यापक ब्रुनेत्ती प्रेत जाळायच्या भट्टीवर प्रयोग करत होते. (ह्याचा महाराजांच्या दहनाशी संबंध जोडायचा मोह होतो, पण ब्रुनेत्तींचे प्रयोग आधीच सुरू झाले होते. असो.) अडचण साधी होती. उघड्या चितेची बरीचशी उष्णता हवेत जाते, म्हणून तर आपल्याकडे एका माणसाला साधारण तीनशे किलो किंवा त्याहून जास्त लाकूड लागतं. विटांच्या बंद भट्टीत तीच उष्णता अडून राहते, भिंती लाल होऊन परत आत फेकतात. शरीरात बहुतांश पाणी, ते आधी जातं. मग बाकीचं जळतं. उरतं ते हाडांतलं खनिज, मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट, दोन-तीन किलो. आज गॅसच्या किंवा विजेच्या दाहिनीत आठशे-नऊशे अंश सेल्सियसला हे काम दीड-दोन तासांत होतं. आपण ज्याला 'राख' म्हणतो ती खरं तर राख नसतेच. आपला 'अस्थी' हा शब्दच जास्त बरोबर आहे.

ब्रुनेत्तींनी १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात आपली भट्टी आणि उरलेल्या अस्थी मांडल्या. ते पाहून लंडनचे सर्जन सर हेन्री थॉम्पसन इतके भारावले की जानेवारी १८७४ मध्ये त्यांनी दहनाच्या बाजूने लेख लिहिला आणि मित्र जमवून एक जाहीरनामा सह्यांनिशी काढला. सह्या करणाऱ्यांत कादंबरीकार अँथनी ट्रॉलप आणि चित्रकार मिले होते. लंडनच्या दफनभूमी ओसंडून चालल्या होत्या, कारण तेच दिलं होतं: आरोग्य. संस्था निघाली, वोकिंगला जागा घेतली, भट्टी बांधली आणि मार्च १८७९ मध्ये त्यात पहिल्यांदा एक मेलेला घोडा जाळून पाहिला. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग पास झालं. पण रिलीज अडकलं! गावकऱ्यांचा विरोध झाला, गृहमंत्र्यांनी दम दिला आणि भट्टी सहा वर्षं गप्प बसली.

इटली पुढे गेली होती. मिलानचा रेशीम व्यापारी आल्बेर्तो केलर १८७४ मध्ये वारला. आपल्याला जाळावं, असं त्याने ठरवून ठेवलं होतं आणि त्यासाठी शहराला पैसेही ठेवले होते. भट्टी मात्र बांधलेली नव्हती. म्हणून त्याच्या देहाला मसाले लावून तो जपून ठेवला गेला, आणि भट्टी बांधून झाल्यावर २२ जानेवारी १८७६ ला त्याचं दहन झालं. दोन वर्षं वाट बघितली लोकांनी.

आणि आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो माणूस: हेन्री क्रुकेंडन. इंग्लंडचा. त्याने मृत्युपत्रात लिहिलं, की माझा देह माझी मैत्रीण इलायझा विल्यम्स हिच्या ताब्यात द्या. तिला वेगळं पत्र लिहून सांगितलं, की मला जाळ, अस्थी वेजवुडच्या भांड्यात ठेव, खर्च माझ्या इस्टेटीतून घे. इतकं नीट, की आमच्या बाबांनी पाठ थोपटली असती. डिसेंबर १८७५ मध्ये तो गेला. कुटुंब कॅथलिक होतं. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि ब्रॉम्प्टनच्या दफनभूमीत त्याला रीतसर पुरलं.

इलायझाबाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. वेल्समध्ये नेऊन पुरायचं आहे असं सांगून त्यांनी गृहखात्याकडून प्रेत उकरायची परवानगी काढली, आणि पेटी नेली थेट मिलानला! केलरच्याच शहरात क्रुकेंडनचं दहन झालं. अस्थी मग वेल्समध्ये आणून पुरल्या. (म्हणजे वेल्सचं अगदीच खोटं नव्हतं.) नंतर त्यांनी खर्चासाठी दावा लावला. १८८२ मध्ये निकाल लागला आणि बाई हरल्या. न्यायमूर्ती के यांनी सांगितलं ते असं: मृतदेह ही कुणाची मालमत्ता नाही. जी मालमत्ता नाही ती मृत्युपत्राने देता येत नाही. म्हणून देहाचं काय करायचं याबद्दल मृत्युपत्रात काहीही लिहा, ते बंधनकारक नाही. देहाची व्यवस्था लावण्याचा अधिकार मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्यांचा.

हे दोनदा वाचलं. फ्लॅट कुणाला, सोनं कुणाला, हे माणूस सांगू शकतो. आपल्या स्वतःच्या शरीराबद्दल मात्र फक्त विनंती करू शकतो. ब्रिटनमध्ये नंतर १९०२ चा दहनाचा कायदा आला, तेव्हा त्याखालच्या नियमांत एक गंमत होती: कुणी 'मला जाळू नका' असं लिहून ठेवलं असेल तर जाळायला बंदी. म्हणजे नको म्हणायचा हक्क मिळाला, हवं म्हणायचा नाही. तो नियमही १९६५ मध्ये गेला.

दहन कायदेशीर आहे की नाही, हा प्रश्न तोवर सुटला होता, तोही एका विक्षिप्त म्हाताऱ्यामुळे. वेल्सचे डॉ. विल्यम प्राइस. कोल्ह्याच्या कातड्याची टोपी घालणारे, स्वतःला प्राचीन ड्रुइड धर्मगुरू म्हणवणारे. १८८४ च्या जानेवारीत त्यांचा तान्हा मुलगा गेला. त्र्याऐंशी वर्षांच्या बापाने त्याला टेकडीवर जाळायला घेतलं, लोक खवळले, पोलिसांनी पकडलं. खटला न्यायमूर्ती स्टीफन यांच्यापुढे चालला. हेच स्टीफन आधी कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कौन्सिलात होते. आपला १८७२ चा पुरावा कायदा, जो २०२४ पर्यंत चालला, तो त्यांच्याच हातचा. त्यांनी निर्णय दिला, की लोकांना उपद्रव होत नसेल तर प्रेत जाळणं हा गुन्हा नाही. पुढच्याच वर्षी, २६ मार्च १८८५ ला, वोकिंगची भट्टी अखेर माणसासाठी पेटली. त्या वर्षभरात तिथे तीनच दहनं झाली. आज ब्रिटनमध्ये चारांतल्या तिघांहून जास्त जणांचं दहनच होतं.

डॉ. प्राइस यांनी स्वतःचं सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. ३१ जानेवारी १८९३ ला त्याच टेकडीवर, दोन टन कोळशावर, सुमारे वीस हजार लोकांसमोर ते झालंही. कारण त्यांच्यामागे ग्वेनलियन होती, त्यांच्या उतारवयातली जोडीदार आणि त्या तान्ह्या मुलाची आई.

आपल्याकडे बघा. आगरकरांबद्दल सांगतात, की गेल्यावर त्यांच्या उशाशी स्वतःच्या अंत्यसंस्काराच्या खर्चाची पुरचुंडी सापडली. त्या काळात याहून पक्कं नियोजन काय असणार! नेहरूंनी १९५४ मध्ये मृत्युपत्रात लिहिलं, की धार्मिक विधी नकोत, मूठभर अस्थी गंगेत आणि बाकीच्या विमानातून शेतांवर टाका. १९६४ मध्ये अस्थींचं तसंच झालं. विधी मात्र झाले. पंतप्रधानांचा शब्द अर्धाच पाळला गेला, तिथे आमच्या अण्णांचं काय!

क्रुकेंडनचं मृत्युपत्र कोर्टात टिकलं नाही, तरी त्याला हवं होतं ते झालं, कारण इलायझाबाईंना त्याने आधी सांगितलं होतं. अण्णांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. ते डायरीला सांगून मोकळे झाले.

म्हणून रविवारी संध्याकाळी मी फाईल कपाटात न ठेवता आत्याला फोन लावला आणि स्पीकरवर दोन्ही पानं वाचून दाखवली. बाबा समोर बसून पेपर वाचायचं नाटक करत होते. वाचून झाल्यावर पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, रडतेय.

मग म्हणाली, "ऐकलं. मी आड येणार नाही. पण दहाव्याला माझ्या घरच्या गच्चीत कावळ्याला घास ठेवणार. ते त्याला चालेल का विचार."

बाबांनी पेपर खाली घेतला. "चालेल म्हणावं. पण कावळा नाही शिवला तर माझी काही इच्छा राहिली होती असं लोकांना सांगत सुटू नकोस."

"ते मी बघेन," आत्या म्हणाली. "आधी कोण जातं ते ठरू दे. माझंही लिहून घे रे, पेन आहे का?"