गारद्याची पुंगळी

मी उदगीरच्या शाळेत सातवीत होतो. बाईंनी आमच्याच गावची लढाई शिकवली. ३ फेब्रुवारी १७६०, निजामाचा पराभव, सदाशिवरावभाऊंचा विजय. मधल्या सुट्टीत वर्गातल्या एकाने विचारलं, "तुमचे लोक कुठल्या बाजूला होते रे?" मला उत्तर देता आलं नाही. आज देतो, पण सुरुवात एका पुंगळीपासून करतो.

पोलिसातून निवृत्त झालेले एक चाचा सांगत होते. सरावाच्या वेळी त्यांच्या पिस्तुलातून पडणारी प्रत्येक पुंगळी तोंडाशी चेपलेली असे. सगळे म्हणाले, काडतुसंच खराब. दुरुस्ती करणाऱ्या हवालदाराने मात्र पुंगळ्या ओळीने मांडल्या. वळ सगळ्यांवर एकाच जागी होता. गोळी सुटली की स्लाइड मागे जाते, बारीक आकडा पुंगळीला ओढून काढतो आणि ती खिडकीतून बाहेर उडते. स्प्रिंग ढिली पडल्याने स्लाइड जादा जोराने मागे येत होती आणि मऊ पितळ खिडकीच्या कडेवर आपटत होतं. स्प्रिंग बदलली, पुंगळ्या नीट पडू लागल्या. पितळाचा दोष नव्हताच.

उदगीरच्या लढाईत पितळी पुंगळी नव्हती. गारद्याकडे दारू-गोळीची कागदी पुडी असे. ती दाताने फाडायची, चिमूटभर रंजक पेल्यात, उरलेली दारू आणि गोळी नळीत, मग गजाने ठासायचं. चकमकीचा दगड झिजला, की रंजकच पेटत नसे; नळीचं छिद्र काजळीने बुजलं, की रंजक पेटूनही बार फुसका. म्हणून रांगेने, हुकमावर, एकदम बार काढायची कवायत. दख्खनमध्ये ती रुजवली निजामाच्या पदरी असलेल्या फ्रेंच सेनानी बुसीने. त्याच तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे निजामाची नोकरी सोडून पेशव्यांकडे आला. उदगीरला भाऊंच्या बाजूने त्याचा तोफखाना होता आणि समोर त्याचा जुना धनी. निजामाच्या पदरीही मराठे सरदार होतेच.

तेव्हा मित्रा, आमचे लोक दोन्ही बाजूंना होते. तुमचेही.

वर्षभराने, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर याच गारद्यांनी रोहिल्यांवर संगिनी चालवल्या. जखमी इब्राहिमखान अब्दालीच्या हाती लागला आणि कैदेत मेला. ज्याचं मीठ खाल्लं त्याला तो शेवटपर्यंत जागला.

तरीही मराठीत 'गारदी' म्हटलं की डोळ्यांपुढे मारेकरी येतो. कारण ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, नारायणराव पेशव्यांचा खून. त्या गारद्यांचा म्होरक्या सुमेरसिंग होता, आणि त्यांना वाड्यात आणणारं भांडण पेशव्यांच्याच घरातलं, काका-पुतण्याचं. मूळचा 'गार्द' हा फ्रेंच शब्द, अर्थ पहारेकरी. आपल्याकडे तो चेपून पडला.

किल्ल्याच्या बुरुजावर गेलो की मला ती ओळीने मांडलेली पितळं आठवतात. वळ दिसला की लोक पुंगळीला नावं ठेवतात. हत्यार उघडून बघायला मात्र कुणी बसत नाही.