त्रोवसात राहिलेला झगा

बायबलमधली मोठी वचनं बहुतेकांच्या कानावरून गेलेली असतात. आज मी मुद्दाम एक अगदी लहान वचन घेतो आहे. तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र, चौथा अध्याय, तेरावं वचन. पौल रोममध्ये कैदेत आहे, मरण जवळ आल्याची त्याला जाणीव आहे. तो तीमथ्याला कळवतो की येताना त्रोवसात कार्पाकडे ठेवलेला माझा झगा घेऊन ये, पुस्तकंही आण, आणि विशेष करून चर्मपत्रं. बस, एवढंच! यात अध्यात्म कुठे आहे?

ही शंका फार जुनी आहे. चौथ्या शतकात जेरोमने फिलेमोनाच्या पत्रावर भाष्य लिहिलं. त्याच्या प्रस्तावनेत तो काही आक्षेपकांचा उल्लेख करतो. त्यांचं म्हणणं असं, की पौलाचा प्रत्येक शब्द ईश्वरी प्रेरणेचा नव्हे. आणि पुरावा म्हणून ते हाच झगा पुढे करत. जेरोमने ते मानलं नाही. त्याच काळातला ख्रिसोस्तोम आपल्या प्रवचनात विचारतो, मरायला निघालेल्या माणसाला पुस्तकं कशाला? त्याचं उत्तर असं, की ती श्रद्धावंतांच्या हाती सोपवायची होती, म्हणजे पौलामागे त्यांना आधार राहील. आणि झगा मागवला तो दुसऱ्या कुणाकडून घ्यावा लागू नये म्हणून. पाहा, या उत्तरात गूढ असं काही नाही. एका माणसाचा स्वाभिमान आहे आणि पुढच्यांची काळजी आहे.

हे पत्र खुद्द पौलाचं नसून नंतरच्या कुणा शिष्याचं असावं, असं आज अनेक अभ्यासक मानतात. १९२१ साली पी. एन. हॅरिसन यांनी मात्र मांडलं की या पत्रात पौलाच्या अस्सल चिठ्ठ्यांचे तुकडे मिसळले आहेत. त्या तुकड्यांत त्यांनी हे झग्याचं वचन धरलं. म्हणजे जे वचन एकेकाळी प्रेरणेच्या विरुद्धचा पुरावा होतं, तेच अस्सलपणाचा पुरावा झालं!

आता सोळाव्या शतकात येऊ. विल्यम टिंडेल याने नवा करार मूळ ग्रीकवरून इंग्रजीत आणला, तो १५२६ साली छापून झाला. १५३५ मध्ये त्याला अँटवर्पला पकडलं आणि ब्रुसेल्सजवळच्या विल्वोर्डच्या किल्ल्यात कोंडलं. तिथून त्याने लॅटिनमध्ये लिहिलेलं एक पत्र पुढे एकोणिसाव्या शतकात उजेडात आलं. त्यात तो काय मागतो? उबदार टोपी, कारण डोक्याला सर्दीचा फार त्रास होतो. जाडसर अंगरखा. पायातल्या कपड्याला ठिगळ लावायला कापड. संध्याकाळी एक दिवा. आणि सगळ्यांत आग्रहाने हिब्रू बायबल, हिब्रू व्याकरण, हिब्रू शब्दकोश. पुढच्या वर्षी, १५३६ मध्ये, त्याला गळा आवळून मारलं आणि देह जाळला. पत्रात पौलाचं नाव नाही. पण झग्याचं ते वचन त्याने स्वतःच्या हाताने इंग्रजीत लिहिलेलं होतं. अनुवादकाला लहान वचन गाळता येत नाही. आपल्या पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. हा झगा त्यांच्याही वाट्याला आलाच.

तिसरी गोष्ट आयर्लंडमधली. फ्रान्सिस न्यूमन यांनी ती १८५० च्या आपल्या आत्मकथनपर पुस्तकात सांगितली आहे. एका आयरिश धर्मोपदेशकाला त्यांनी विचारलं, हे झग्याचं वचन लिहिलंच नसतं तर आपलं काय बिघडलं असतं? हा धर्मोपदेशक म्हणजे जॉन नेल्सन डार्बी, अत्यंत विरक्त माणूस. त्याने तत्काळ सांगितलं की माझं तरी नुकसान झालंच असतं. माझा लहानसा ग्रंथसंग्रह विकायला निघालो होतो, तो याच वचनाने वाचवला.

मला हे उत्तर महत्त्वाचं वाटतं. कारण लहान वचनांतून हवा तो अर्थ काढणं सोपं असतं. पहिल्या इतिहासाच्या चौथ्या अध्यायात, वंशावळीच्या यादीत, याबेसाची दोन वचनांची गोष्ट आहे. माझी सीमा वाढव, अशी तो प्रार्थना करतो. २००० साली ब्रूस विल्किन्सन यांनी तिच्यावर छोटं पुस्तक लिहिलं, त्याच्या लाखो प्रती खपल्या. अनेकांनी त्यातून स्वतःच्या भरभराटीचा मंत्र घेतला. आपल्याला जे आधीच हवं होतं तेच वचनाने सांगितलं, तर आपण वचन ऐकलं की स्वतःला? डार्बीला त्याग हवा होता, आणि वचनाने त्याला थांबवलं. देहाला थंडी वाजते, बुद्धीला पुस्तक लागतं, आणि हे मागायला मित्र लागतो. संताचीही यातून सुटका नाही. विरक्तीच्या अहंकाराला हे पचत नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच, की अशा वचनातल्या वस्तूचं घाईने प्रतीक करू नका. तेराव्या वचनाबरोबर त्याच अध्यायाचं एकविसावं वचन वाचा. तिथे पौल तीमथ्याला हिवाळ्याआधी यायला सांगतो. झगा कशाला हवा होता, ते तिथे कळतं.