सफरीतला छोटा स्मोकर: कसा निवडावा, कसा वापरावा

बासी ईदची सहल असो, नागपूरच्या ताजाबादला किंवा आर्णीच्या बाबा कंबलपोष दर्ग्याला निघालेलं कुटुंब असो, की लग्नाच्या वऱ्हाडासोबतचा मुक्काम असो, आपल्याकडे सफर म्हटली की गोश्तचा डबा सोबत असतोच. आता त्यात एका नव्या वस्तूची भर पडते आहे. ती म्हणजे पिशवीत मावणारा छोटा स्मोकर. तरुण मुलं मोबाईलवर व्हिडिओ बघतात आणि ऑनलाइन मागवतात. पण तो वापरायचा कसा, हे घरात कुणालाच माहीत नसतं.

तसं पाहिलं तर धुरी आपल्याला नवी नाही. खिम्याच्या पातेल्यात मधोमध वाटी, वाटीत लाल निखारा, त्यावर चमचाभर तूप आणि लगेच झाकण, हा धुंगार आपल्या आई-आजी देत आल्या. स्मोकर हे त्याच कामाचं मोठं साधन. फरक एवढाच की धुंगार शिजलेल्या पदार्थाला देतात आणि स्मोकरमध्ये बरेच जण कच्चं गोश्त ठेवतात. चूक इथूनच सुरू होते. म्हणून एक गोष्ट आधी पक्की करून घ्या: धूर चव देतो. गोश्त शिजतं ते आचेनं, आणि थोड्या वेळच्या धुरानं ते टिकत मात्र नाही.

धुरी दिलेलं गोश्त टिकतं का?

बकरी ईदनंतर मीठ-हळद लावून गोश्तच्या पट्ट्या दोरीवर वाळवायची पद्धत अनेक घरांत होती. ते गोश्त टिकायचं ते मिठामुळे आणि आतलं पाणी आटल्यामुळे. जुन्या काळी धुरावर टिकवलेल्या गोश्तलाही भरपूर मीठ आणि कित्येक दिवसांचा धूर लागायचा. आपल्या छोट्या डब्यात तासभर धुरी दिली तर धुरातले घटक फक्त वरच्या थरावर बसतात. आत ओल तशीच राहते. म्हणजे ते साध्या शिजवलेल्या गोश्तइतकंच नाजूक असतं.

जागतिक आरोग्य संघटनेचा नियम सोपा आहे. शिजलेलं अन्न 5 अंशांच्या खाली थंड ठेवा किंवा 60 अंशांच्या वर गरम ठेवा. मधल्या तापमानात जंतू झपाट्यानं वाढतात, म्हणून बाहेर 2 तासांपेक्षा जास्त ठेवू नका. एप्रिल-मे महिन्यात आपल्या जिल्ह्यात पारा 42-44 अंशांवर जातो. तेव्हा ही मुदत 1 तासच समजा.

हे मी घरच्या अनुभवावरून सांगतोय. एकदा सकाळी धुरी दिलेलं चिकन डब्यात बंद करून आम्ही दुपारी चार वाजता खाल्लं. "धुरी दिली आहे, काही होत नाही," असं म्हणणारा मीच होतो. रात्री घरातल्या चौघांना उलट्या-जुलाब सुरू झाले. खाताना वासही चांगला होता, चवही. धुराच्या वासाखाली खराब झालेल्या गोश्तचा वास झाकला जातो, हे तेव्हा समजलं.

कोणता स्मोकर घ्यावा?

*स्टीलचा डबा:* तळाला लाकडाचा चुरा, वर रस-चरबी झेलणारा ट्रे, त्यावर जाळी आणि घट्ट झाकण. गॅसच्या शेगडीवर ठेवून वापरतात. दोन चमचे चुरा पुरतो. चार-पाच जणांच्या कुटुंबाला सफरीसाठी हाच सोयीचा.

*झाकणाची कोळशाची शेगडी:* वजन जास्त, वेळही जास्त, पण गोश्त चांगलं शिजतं. स्वतःची गाडी असेल आणि उघड्यावर मुक्काम असेल तरच घ्यावी. झाकणाला आणि तळाला हवा कमी-जास्त करायची झडप हवीच.

*जाळीदार धूरनळी:* भोकं पाडलेली स्टीलची नळी. तिच्यात लाकडाचा चुरा पेटवून झाकणाच्या शेगडीत ठेवतात. घरी शेगडी असेल तर कमी खर्चात काम होतं.

*बॅटरीवरची धूर-बंदूक:* ही थंड धूर देते, गोश्त अजिबात शिजवत नाही. शिजलेल्या कबाबला धुंगार देण्यापुरतीच ती वापरा.

डबा जाड स्टेनलेस स्टीलचा असावा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा तशी जाळी वापरू नका, कारण तापल्यावर जस्ताचा घातक धूर निघतो. रंगाचा रिकामा डबा तर मुळीच नको. नवा स्मोकर पहिल्यांदा रिकामाच अर्धा तास तापवून मग धुवावा. आणि स्मोकरवर खर्च करताना थोडे पैसे गोश्तमध्ये खुपसायच्या थर्मामीटरसाठी बाजूला ठेवा. दोघांपैकी जास्त गरजेचं तेच आहे.

लाकूड कोणतं?

बाभळीचा कोळसा चांगला. धुरीसाठी आंबा, बोर, जाम म्हणजे पेरू, संत्रा यांचं नीट वाळलेलं लाकूड चालतं. ओल्या लाकडाचा दाट पांढरा धूर गोश्त कडू करतो. धूर पातळ, निळसर असला पाहिजे. कडुनिंब आणि निलगिरी टाळा. कण्हेर विषारी आहे, तिची काडीसुद्धा वापरू नका. सुताराकडच्या भुशात प्लायवूड, डिंक आणि पॉलिश मिसळलेलं असतं, तोही नको.

आपल्या जिल्ह्यासाठी एक खास सूचना. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, शेतात फुकट मिळतात म्हणून ती धुरीला वापरू नका. त्यांच्यावर हंगामभर फवारणी झालेली असते. 2017 साली फवारणीच्या विषबाधेनं याच यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. ते औषध आपल्या ताटाजवळ येऊ नये. फवारलेल्या बागेतल्या फांद्यांनाही हाच नियम.

विकतच्या चुऱ्याचं पाकीट वाचून घ्या. काही पाकिटांत व्हिस्कीच्या पिंपांचं लाकूड असतं आणि तसं त्यावर लिहिलेलं असतं. व्हिडिओतल्या अनेक कृतींमध्ये बिअर किंवा वाइनही असते. त्याऐवजी लिंबू, दही किंवा चिंचेचं पाणी वापरा.

वापरायची पद्धत

गोश्त एकतर पूर्ण शिजवून न्या, नाहीतर पूर्ण कच्चं न्या. अर्धवट शिजवून नेणं सर्वांत धोक्याचं.

कच्चं न्यायचं तर मसाला लावून आदल्या रात्री फ्रीजरमध्ये गोठवा, घट्ट डब्यात भरा आणि बर्फाच्या पेटीत तळाशी ठेवा. सलाड, फळं, रोट्या वेगळ्या ठेवा. पोहोचल्यावर पेटीतच वितळू द्या. स्मोकर आधी तापवा. आतली हवा साधारण 110 ते 150 अंश हवी. मग तुकडे एकमेकांना न चिकटवता मांडा. सारखं झाकण उघडू नका. चिकनच्या लेगपीसला तास-दीड तास लागतो. घड्याळापेक्षा थर्मामीटरवर भरवसा ठेवा: सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता, 74 अंश दिसले पाहिजेत. नुसत्या रंगावर जाऊ नका, धुरानं आतलं गोश्त शिजूनही गुलाबी दिसू शकतं.

मटणासाठी सोपा मार्ग म्हणजे घरी कुकरमध्ये पूर्ण शिजवायचं, लवकर थंड करून बर्फात ठेवायचं आणि मुक्कामी आतपर्यंत वाफाळेल इतकं गरम करत धुरी द्यायची. कच्च्या गोश्तचा चिमटा आणि ताट पुन्हा वापरू नका.

आणि हे रोजचं खाणं नव्हे. 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक गटात टाकलं. त्यात धुरावर टिकवलेलं मांसही येतं. चरबी निखाऱ्यावर पडू देऊ नका, जळालेला भाग कापून टाका.

कुठे पेटवू नये?

खोलीत, तंबूत, गाडीत किंवा बंद व्हरांड्यात कधीच नाही. पाऊस आला तरी नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. धूर थांबला तरी निखारा विझेपर्यंत तो निघतच असतो. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ जाणवली तर माणसाला लगेच मोकळ्या हवेत आणा आणि 108 ला फोन करा. थंडीत निखाऱ्याची शेगडी खोलीत घेऊन झोपणं याच कारणानं जिवावर बेततं.

रेल्वेत तर विचारही नको. धामणगाव किंवा बडनेऱ्याहून गाडी पकडताना धुतलेला, रिकामा डबाच सोबत असावा. गॅस सिलिंडर, रॉकेल यांसारख्या ज्वलनशील वस्तू डब्यात नेणं रेल्वे कायद्याच्या कलम 164 नुसार गुन्हा आहे. 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 26 ऑगस्ट 2023 ला मदुराईत लखनऊहून आलेल्या पर्यटकांच्या उभ्या डब्यात चोरून आणलेल्या सिलिंडरमुळे आग लागली आणि 9 जण गेले. 15 एप्रिल 1997 ची मीनाची आगही विसरता येत नाही. त्यात 343 हाजी शहीद झाले, हजारो तंबू जळाले. त्यानंतर तिथे आग न पकडणारे तंबू आले आणि तंबूंतल्या गॅसवर बंदी आली.

टिपेश्वर, पैनगंगा अभयारण्य किंवा कोणत्याही राखीव जंगलात आग पेटवायला कायद्यानं मनाई आहे. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा काळ. सागाच्या वाळल्या पानांवर एक ठिणगी पुरते. सहस्रकुंड किंवा इसापूर धरणाकडे गेलात तर परवानगी असलेल्या मोकळ्या जागीच पेटवा. निघताना राखेवर पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता.

गोश्त सोबत नेताना

महाराष्ट्रात 2015 पासून गायीसोबत बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. पण नुसत्या संशयावरूनही त्रास होतो, हे आपण बघतोच. ऑगस्ट 2024 मध्ये धुळे-मुंबई एक्स्प्रेसमध्ये इगतपुरीजवळ मांस नेत असल्याच्या संशयावरून एका वृद्ध प्रवाशाला मारहाण झाली. म्हणून जमेल तिथे गोश्त मुक्कामीच, ओळखीच्या हलाल दुकानातून घ्या. सोबत न्यायचंच असेल तर दुकानाची तारीख असलेली पावती जवळ ठेवा. कुणी अडवलं तर वाद घालू नका, 112 वर पोलिसांना बोलवा.

दस्तरखानवर बसलेली माणसं सुखरूप घरी परतली, तरच सफर चांगली झाली म्हणायची. थर्मामीटर, बर्फाची पेटी आणि मोकळी जागा, या तीनपैकी एकही नसेल तर त्या दिवशी स्मोकर घरी राहू द्या. वाटीतला धुंगार आपल्या घरी आहेच.