दूरध्वनीवरील ध्वनिमुद्रित सूचना

दूरध्वनीवरील ध्वनिमुद्रित सूचना म्हणजे जोडणी न होण्याचे कारण किंवा ग्राहकाने मागितलेली माहिती ऐकवण्यासाठी आधीच नोंदवून ठेवलेला आवाज होय. "आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही" ही त्यांपैकी सर्वपरिचित सूचना. या लेखात मुख्यतः मुंबई आणि मराठी भाषेच्या संदर्भातील माहिती आहे.

पार्श्वभूमी

मुंबईत दूरध्वनी सेवा १८८२ साली सुरू झाली. त्या काळी फोन का लागत नाही हे केंद्रातील ऑपरेटर तोंडी सांगत असे. स्वयंचलित केंद्रे आल्यावर ते काम ध्वनिसंकेतांकडे गेले. भारतातील व्यस्त संकेत ४०० हर्ट्झचा असून तो पाऊण सेकंद वाजतो व पाऊण सेकंद थांबतो. मात्र क्रमांक बदलला आहे की बंद झाला आहे, हे अशा संकेतावरून कळत नाही. ती उणीव ध्वनिमुद्रित शब्दांनी भरून काढली.

वेळ सांगणारी स्वयंचलित सेवा पॅरिसमध्ये १९३३ साली, तर लंडनमध्ये १९३६ साली सुरू झाली. लंडनच्या सेवेसाठी एथेल केन या दूरध्वनी ऑपरेटरचा आवाज निवडण्यात आला होता. १ एप्रिल १९८६ पासून मुंबई व दिल्लीची सेवा महानगर टेलिफोन निगमकडे आली.

क्रमांक किंवा डायल करण्याची पद्धत बदलते, तेव्हा या सूचनांचे महत्त्व वाढते. २००२ साली मुंबईतील सातअंकी क्रमांकांच्या आरंभी २ हा अंक जोडण्यात आला. कांजूरमार्ग परिसरातील ५७८ने सुरू होणारे क्रमांक २५७८ने सुरू होऊ लागले. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावणे बंधनकारक झाले. शून्य न लावणाऱ्याला तशी सूचना ऐकवावी, असे दूरसंचार विभागाच्या आदेशातच नमूद होते.

कार्यपद्धती

जुन्या यंत्रणेत फिरत्या फितीवर किंवा चुंबकीय ड्रमवर एकच सूचना सतत वाजत असे आणि अनेक ग्राहक त्या एकाच आवाजाला जोडले जात. त्यामुळे कित्येकांना ती वाक्याच्या मध्यापासून ऐकू येई. अंकीय केंद्रांत आवाजाचे तुकडे स्मृतीत साठवलेले असतात व गरजेप्रमाणे जोडले जातात. पलीकडून फोन उचलल्याचा संकेत येत नसल्याने अशा सूचनेसाठी सहसा शुल्क पडत नाही.

भाषा

मुंबईत सूचना सामान्यतः मराठी, हिंदी व इंग्रजीत ऐकू येतात. मोबाइल बंद असल्याची सूचना बहुधा ज्याला फोन केला त्याच्या जाळ्याकडून येते. म्हणून कांजूरमार्गहून तमिळनाडूतील बंद मोबाइलला फोन करणाऱ्याला तमिळ सूचना ऐकू येऊ शकते. फोन का लागला नाही हे सांगण्यासाठी योजलेली सूचनाच अशा वेळी त्याला कळत नाही.

आकडे वाचून दाखवणे हा मराठीतील खास अवघड भाग आहे. इंग्रजीत शून्य ते एकोणीस आणि आठ दशक अशा २८ शब्दांतून ९९ पर्यंतच्या सर्व संख्या जुळवता येतात. मराठीत मात्र 'त्रेसष्ट', 'एकोणऐंशी' असे प्रत्येक संख्येचे रूप स्वतंत्र असल्याने शंभर नोंदी कराव्या लागतात. शिवाय 'एक रुपया' आणि 'दोन रुपये' हा वचनभेदही सांभाळावा लागतो. दूरध्वनी क्रमांक एकेक अंक सुटा वाचल्याने ही अडचण टळते. शेतमालाचा भाव सांगताना ती सोय नसते. कांजूरमार्ग स्थानकापासून जवळच असलेल्या पवईतील आयआयटी मुंबईने, टाटा मूलभूत संशोधन संस्थेसह, शेतमालाचे बाजारभाव फोनवर बोलून विचारता यावेत अशा बहुभाषिक प्रकल्पातील मराठी भागावर काम केले. त्यासाठी महाराष्ट्रातील शेतकऱ्यांचे आवाज नोंदवण्यात आले.

टीका

२०२० साली कोविडविषयक संदेश प्रत्येक फोनच्या आधी वाजू लागले. तातडीच्या वेळी त्यांमुळे विलंब होतो, अशा तक्रारी झाल्या. मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, लस उपलब्ध नसताना ती घेण्याचे आवाहन करणाऱ्या संदेशावर टीका केली.